रापणीचा ताल

फार फार वर्षांपूर्वी, म्हणजे आज किनाऱ्यावर जे माड वाकून उभे आहेत त्यांच्या पणजोबांचे नारळसुद्धा रुजले नव्हते तेव्हा, दर्याच्या काठी एक गाव होतं. गावाच्या दोन वाड्या होत्या. टेकडीकडची वरची वाडी आणि खाडीकडची खालची वाडी. आता वाड्या दोन म्हटल्यावर थोडी चढाओढ आलीच. शिमग्याला कुणाची होळी उंच आणि दशावतारात कुणाचा राक्षस जास्त ओरडतो, यावरून ही माणसं महिना महिना भांडत. पण एका कामाच्या वेळी सगळी भांडणं घरी ठेवून किनाऱ्यावर यायचं, असा रिवाज होता. ते काम म्हणजे रापण.

रापण म्हणजे लांबच लांब जाळं. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिला की होडी हे जाळं घेऊन पाण्यात शिरे आणि मोठा अर्धा फेर धरून ते सोडत परत येई. जाळ्याच्या दोन टोकांना दोन दोर. एक दोर वरच्या वाडीने धरायचा, दुसरा खालच्या वाडीने, आणि मग बाया, बाप्ये, म्हातारेकोतारे, सगळ्यांनी मिळून ते जाळं किनाऱ्याला ओढून आणायचं. वाट्याचा नियम एकच होता. ज्याचा हात दोराला, त्याला वाटा. हात लोखंडासारखा असो नाहीतर काडीसारखा, वाटा सारखाच.

दोन्ही दोरांच्या बरोबर मधे, ओल्या वाळूत, लवूआबा उभा राही. तो दोर ओढत नसे. तो गात असे. आबाने एक ओळ म्हणायची आणि दोन्ही वाड्यांनी ‘हय्या हो’ करत एक पाऊल मागे यायचं.

‘दर्याबाबा, दी रे दी,
चुलीपुरता दी रे दी!’

गाणं साधंच होतं, पण आबाच्या गळ्यातून आलं की थकलेल्या माणसालाही आणखी एक पाऊल ओढावंसं वाटे. रापणीची ही गाणी हेच त्या गावाचं भूषण होतं. आणि एक गंमत सांगतो. गाताना आबाचे डोळे कधी दर्यावर नसत. ते दोरावर फिरत असत, या माणसावरून त्या माणसावर. का, ते पुढे कळेल.

एका नारळी पौर्णिमेला त्या मुलखाचा राजा दर्याची पूजा बघायला आला. पूजा झाली, नारळ वाहिला, पहिली रापण ओढली गेली. राजाने ते गाणं ऐकलं, ती पावलं पाहिली आणि तो अगदी हरखून गेला.

राजा भला माणूस होता. भल्या माणसांच्या चुका निस्तरणं अवघड असतं, कारण त्यांना कुणी अडवत नाही. राजा म्हणाला, “वा! काय सुंदर काम आहे तुमचं! पण किती सावकाश चालतं. तुमच्यात एवढी तरणीताठी माणसं आहेत, जरा जोर लावा की! मी त्रिपुरी पौर्णिमेला पुन्हा येईन. ज्या वाडीकडचं जाळ्याचं टोक आधी किनाऱ्याला लागेल, त्या वाडीला हे माझं जरीचं पागोटं बक्षीस.”

जमलेल्या लोकांनी टाळ्या पिटल्या. लवूआबा तेवढा पुढे आला आणि म्हणाला, “महाराज, दोर दोन आसत, पण जाळा एकच आसा.”

राजाला वाटलं म्हातारा काहीतरी कोडं घालतोय. तो प्रेमाने हसला आणि पालखीत बसला.

झालं! त्या दिवसापासून गावाचं डोकं फिरलं. वरच्या वाडीने आपला वेगळा ढोलवाला ठरवला. खालच्या वाडीने त्याच्याहून मोठा ढोल आणला. आबाचं गाणं दोघांनाही नकोसं झालं, कारण ते दोघांना एकाच वेळी ओढायला लावी, आणि शर्यतीत त्याचा काय उपयोग? दोन्ही वाड्यांनी नवी, झटपट गाणी जुळवली. त्यात दर्याचं नावसुद्धा नव्हतं. होती ती फक्त दुसऱ्या वाडीची टिंगल. संध्याकाळी दोन्हीकडून ढोल वाजत आणि दोन्हीकडची माणसं मोकळाच दोर ओढून सराव करत. लवूआबा आपल्या अंगणात जाळ्याची भोकं सांधत बसे.

आता सुंदराविषयी सांगायला हवं, कारण ही गोष्ट खरं तर तिचीच आहे.

सुंदरा खालच्या वाडीतली. तिचा नवरा दर्यावर गेला तो परत आला नव्हता. घरात दोन लहान लेकरं. भरीला त्या वर्षी तिला तापाने असं धरलं की दिवाळीपर्यंत ती उठून बसलीसुद्धा नाही. कार्तिक लागला तेव्हा ती कशीबशी हिंडूफिरू लागली. तिला पुरतं ठाऊक होतं की त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमाराला बांगड्याचा मोठा थवा किनाऱ्याजवळ येतो आणि मग खोल पाण्यात निघून जातो. त्या एका रापणीचा वाटा मिळाला तर तो मीठ लावून सुकवायचा, मडक्यात भरायचा, आणि पावसाळ्यात दर्या बंद असेल तेव्हा लेकरांच्या ताटात घालायचा. वाटा चुकला की मडकं रिकामं आणि पावसाळा लांब.

म्हणून त्रिपुरी पौर्णिमेच्या सकाळी ती सगळ्यांच्या आधी किनाऱ्यावर आली आणि दोराच्या शेपटाकडे, आपल्या नेहमीच्या जागी उभी राहिली.

खालच्या वाडीचा म्होरक्या होता जिवबा. खांदे रुंद, मन वाईट नाही, पण त्या दिवशी त्याच्या डोळ्यांपुढे फक्त पागोटं होतं. तो सुंदराजवळ आला आणि खालच्या आवाजात म्हणाला, “वैनी, आज तू दोराक हात लावू नको. शर्यत आसा. तू आपली सावलीत बस.”

“आणि माजो वाटो?”

“जिंकलो काय आमच्यातले चार बांगडे तुका गावतले. आमी काय परके?”

सुंदराचे डोळे भरून आले, पण आवाज भरून आला नाही. ती म्हणाली, “चार बांगडे भीक म्हणान नको रे, जिवबा. माका माजो वाटो होयो.”

जिवबाने मान दुसरीकडे वळवली. सुंदरा दोर सोडून माडाखाली जाऊन बसली. तिथे आधीच एकजण बसला होता. लवूआबा. त्यालाही कुणी बोलावलं नव्हतं.

राजा आला. होडी जाळं सोडून परतली. त्या दिवशी पाणी असं काळं दिसत होतं की लहान मूलही सांगेल, खाली बांगडाच बांगडा आहे. राजाने हात वर केला आणि दोन्हीकडचे ढोल कडाडले.

काय तो जोर! काय ती आरडाओरड! वरच्या वाडीने तर दोर असा खेचला की वाळूत चर पडले. खालची वाडी मागे पडली, मग चिडली, मग एकदम हिसके देऊ लागली. एकजण दमून गुडघ्यावर आला, तर मागच्याने त्याला ओलांडून दोर धरला. राजा उभा राहून टाळ्या वाजवत होता. शेवटी वरच्या वाडीचं टोक वाळूला लागलं आणि एकच जल्लोष झाला. राजाने आपल्या हाताने वरच्या वाडीच्या म्होरक्याच्या, भिवाच्या, डोक्यावर जरीचं पागोटं ठेवलं.

मग मागून जाळं आलं.

त्यात शेवाळ होतं. दोन खेकडे होते. एक फाटकी वेताची टोपली होती, ती बहुधा मागच्या वर्षी कुणाची तरी वाहून गेलेली.

घडलं होतं ते अगदी सरळ होतं. एक टोक पुढे धावलं, दुसरं मागे राहिलं, जाळं तिरकं झालं. हिसक्यांनी त्याची दगड बांधलेली तळाची कड वर उचलली गेली, आणि सगळा थवा खालून निघून गेला. भिवा पागोटं घालून रिकाम्या जाळ्यापाशी उभा होता. इतका देखणा आणि इतका बावळट माणूस त्या किनाऱ्याने आजवर पाहिला नव्हता.

ढोलवाल्यांनी ढोल हळूच पाठीमागे लपवले. राजाचा चेहरा उतरला. तो स्वतः माडाखाली चालत गेला आणि म्हणाला, “आबा, तुमचं ते कोडं मला आता कळलं. माझ्यामुळे गावाची मासळी गेली.”

आबा उठून उभा राहिला. त्याने कपाळावर हात धरून दर्याकडे पाहिलं. “गेली नाय, महाराज. बघा थंय, पाणी अजून काळा दिसता. एक फेरो घेवक येतलो.”

“मग घ्या! लगेच घ्या!”

“घेतो. पण किनाऱ्यार जो उभो आसा तेना दोर धरूचो, असो आमचो नेम आसा. महाराज, तुमी पण.”

राजाचे सेवक पुढे सरसावले. राजाने त्यांना थांबवलं, अंगरखा काढून वाळूवर ठेवला आणि म्हणाला, “तुम्हीही धरा.”

होडी पुन्हा गेली, पुन्हा आली. दोर पुन्हा हातात आले. लवूआबा मधोमध येऊन उभा राहिला, पण गाईना. सगळे त्याच्याकडे बघू लागले. तो माडाकडे वळला आणि मोठ्याने म्हणाला, “सुंदरा, तू दोरार नसलंस तर मी कोणाक बघान गाणा म्हणू?”

जिवबा काय समजायचं ते समजला. तो धावत गेला आणि हात जोडून म्हणाला, “वैनी, चुकलंय मी. चल.” सुंदरा उठली. तिने पदर खोचला आणि खालच्या वाडीच्या दोराच्या शेपटाशी जाऊन उभी राहिली. तिच्या पुढे नेमका राजाच होता.

आबाने पहिली ओळ उचलली. ‘दर्याबाबा, दी रे दी...’ दोन्ही वाड्यांनी ‘हय्या हो’ केलं आणि पाऊल मागे आलं. राजाला वाटलं, हे तर सोपं आहे. थोड्या वेळाने त्याला तसं वाटेनासं झालं. त्याचे तळवे मऊ होते, त्यांना लेखणी आणि तलवार एवढीच ठाऊक. दोर त्यांत करवतीसारखा फिरू लागला. दंड भरून आले, पाय वाळूत घसरू लागले. मागून सुंदरा कुजबुजली, “महाराज, हातान वडू नकात. पाय रोवा आणि कंबरेन वडा.”

राजाने पाय रोवले. तेवढ्यात त्याच्या लक्षात आलं की गाणं हळू झालं आहे. ओळीनंतर एक श्वास घेण्याइतकी जागा सुटते आहे, आणि ती जागा त्याला हवी होती तेवढीच आहे. त्याने मान वर करून पाहिलं. लवूआबा थेट त्याच्याकडे बघून गात होता. वरच्या वाडीतले दांडगे गडी, खालच्या वाडीतले रुंद खांदे, सगळे त्या संथ तालावर पाऊल टाकत होते. कुणी पुढे जात नव्हतं, कुणी मागे राहत नव्हतं, आणि दोन्ही दोर सरळ, शांत, एकसारखे वाळूवर येत होते.

सूर्य दर्याला टेकला तेव्हा जाळ्याची खोळ उथळ पाण्यात आली. ती चांदीने भरल्यासारखी हलत होती. बांगडा, बांगडा आणि बांगडा! माणसं हसत होती, रडत होती, गुडघाभर पाण्यात एकमेकांना मिठ्या मारत होती. कोण वरच्या वाडीचा आणि कोण खालच्या, हे विचारायला कुणाला सवड नव्हती.

राजा वाळूवर बसला. त्याने तळवे उघडले तर ते सोलून निघाले होते. भिवा जवळ आला, त्याने डोक्यावरचं जरीचं पागोटं काढलं, टर्रकन त्याची पट्टी फाडली आणि राजाच्या हाताला बांधायला वाकला. राजाने हात मागे घेतला. त्याने सुंदराकडे पाहिलं. तापातून उठलेल्या तिच्या तळव्यांनाही फोड आले होते. “आधी त्यांना,” राजा म्हणाला.

मग ते पागोटं फाटतच गेलं. ज्याच्या ज्याच्या हाताला लागलं होतं त्याला त्याला पट्टी मिळाली, वरच्या वाडीला आणि खालच्याही.

वाटे पडले. सुंदराला तिची टोपली मिळाली, सगळ्यांइतकीच भरलेली. ती डोक्यावर घेताना तिला हात द्यायला जिवबा आला, आणि या वेळी तिने नाही म्हटलं नाही. राजालाही वाटा मिळाला, कारण त्याचाही हात दोराला होता. जाण्याआधी त्याने विचारलं, “आबा, तुम्ही गाण्याचा ताल कुणाकडून घेता?”

“सगळ्यात दमलेल्या हाताकडसून, महाराज,” लवूआबा म्हणाला. “येरवी सुंदराकडसून घेतंय. आज तुमच्याकडसून घेतलंय.”

राजा मोकळेपणाने हसला आणि आपली टोपली स्वतः उचलून चालू लागला. पुढे दरबारात कुणी कामाची फार घाई केली की तो आपल्या तळव्यांकडे बघे आणि विचारी, “या दोराच्या शेपटाशी कोण उभं आहे?” त्या वर्षी सुंदराचं मडकं पावसाळा संपेपर्यंत रिकामं झालं नाही. आणि त्या गावात पुन्हा कधी दोन ढोल वाजले नाहीत, शिमगा सोडून. शिमग्याला मात्र ते अजून भांडतात, आणि खुशाल भांडोत.

म्हणून लहानथोरहो, एवढं ध्यानात ठेवा : जे काम सगळ्यांनी मिळून ओढायचं असतं, त्याचा ताल सगळ्यांत थकलेल्या हाताकडून घ्यावा.