राजपुत्राच्या घोड्यावर बसलेला परका मुलगा

फार फार पूर्वी, समुद्रात पाय सोडून बसलेलं एक राज्य होतं. तिथे राजा काळा, राणी काळी, कोळी काळे, प्रधानजी काळे, मांजरंही बहुतेक काळीच. आणि राजपुत्र? लाट ओसरल्यावर ओला खडक कसा चमकतो, तसा तो काळा. डोक्यावर इतके दाट कुरळे केस, की दाईचा कंगवा एकदा आत गेला की शोधत बसावं लागे.

त्या राज्यात एक रीत होती. दर वाढदिवसाला राजपुत्रासाठी चित्रांची गोष्ट तयार व्हायची आणि गोष्टीचा नायक तोच असायचा. पण चित्रात त्याला पांढराफेक सफेता लावायचा, असा शिरस्ता. काळा रंग राखून ठेवायचा तो राक्षसासाठी. असं का, हे कुणी विचारलं नव्हतं. विचारायला धीर लागतो. सफेता तर कोठारात पोत्यांनी पडला होता.

त्या वर्षी जुना चितारी थकून घरी बसला आणि काम आलं एका तरुण चितारणीकडे. पोरगी शिकलेली, हातात कसब होतं, पण भित्री इतकी की पाल चुकचुकली तरी "आले, आले" म्हणत उठायची.

राजपुत्राला एकदा नीट पाहून घ्यावं म्हणून ती राजवाड्यात गेली. बघते तर काय, स्वारी पलंगाखाली, हातात लाकडी तलवार.

"युवराज, तिथे काय करताय?"

"शू. तो येईल."

"कोण?" चितारणीनं आधी मागे वळून पाहिलं.

"तो गोरा मुलगा." राजपुत्रानं जुनी पुस्तकं पुढे सरकवली. "हा बघ, ताई. माझ्या घोड्यावर बसलाय. इथे माझे लाडू खातोय. इथे तर माझ्या आईच्या मांडीवर झोपलाय. दर वर्षी येतो आणि एकदाही सापडत नाही."

खरंच, त्याच्या हट्टापायी दोन शिपाई तबेल्यात पाळतीवर बसवले होते. मागच्याच आठवड्यात त्यांनी पिठानं माखलेल्या एका आचाऱ्याला बांधून आणलं होतं.

"आणि हा राक्षस बघ," राजपुत्र हळूच म्हणाला. "याचे केस माझ्यासारखे. रंगपण. दाई म्हणते, तू राक्षस नाहीस. पण दाईला कुठे वाचता येतं."

चितारणीनं ते पान हळूच मिटलं.

संध्याकाळी प्रधानजी तिच्या दारात हजर. "पोरी, सफेता पाठवलाय. कमी पडला तर सांग."

"प्रधानजी, ते... युवराज तसे दिसत नाहीत."

"ते दिसतात कसे, हे तुला कुणी विचारलंय का? शिरस्ता मोडलास तर कुंचले सरकारजमा आणि तू वेशीबाहेर."

"हो, हो," ती म्हणाली. तिला नाही म्हणताच येत नसे.

मग ती रंग कालवायला बसली. सफेत्याकडे हात गेला आणि पलंगाखालचे ते दोन डोळे आठवले. तिनं पोतं पायानं दूर सारलं. नुसतं काजळ लावून पाहिलं, तर कागदावर डाग पडल्यासारखं दिसलं. काजळात गेरू घातला, थोडी नीळ, चिमूटभर हळद. तेव्हा कुठे गाल उजळला. भीतीनं हात थरथरत होता, पण कुरळे केस काढायला थरथरता हात बरा पडतो, हे तिला त्या दिवशी कळलं.

वाढदिवसाला दरबार भरला. चितारीण खांबाआड. पुस्तक उघडलं. पहिल्याच पानावर राजपुत्र माडावरून उलटा लटकलेला, गुडघा खरचटलेला, पुढचा दात पडलेला आणि हसतोय ते कानापर्यंत.

"सफेता कुठाय?" प्रधानजी गरजले.

"सगळा शिल्लक आहे, प्रधानजी," खांबाआडून आवाज आला. "भिंतींना लावू." आपण काय बोललो ते ऐकून चितारीण स्वतःच दचकली.

राजपुत्रानं पान निरखलं. स्वतःचा दात पडला होता तिथे जीभ लावून पाहिली. पान उलटलं. घोडा होता.

"आई," तो म्हणाला, "हा मी आहे. घोड्यावर मीच आहे."

तोवर एका कोळणीचा मुलगा गर्दीतून घुसला होता. "हट्. तो मी आहे. माडावर उलटा मीच लटकतो, कुणालाही विचार."

"मग माड तुझा. घोडा माझा."

"आणि ही होडी?"

"होडीत दोघं बसू."

पोरं पुस्तकावर अशी तुटून पडली की राणीला मध्ये पडावं लागलं.

"महाराज," प्रधानजी म्हणाले, "हिला शिक्षा काय?"

राजाचं लक्षच नव्हतं. तो मुलांच्या डोक्यांवरून वाकून पाहत होता. "माझ्या लहानपणीही अशी पुस्तकं होती," तो म्हणाला. "त्यातला मुलगा कोण होता, ते मला अजून कळलेलं नाही." मग त्यानं मुकुट उतरवून काखेत धरला. "बाई, तेव्हा माझे केस याच्याहून दाट होते. एखादं पान काढशील?"

चितारणीनं मान डोलावली.

प्रधानजी बराच वेळ तिथेच घुटमळले. एकदा खाकरले, इकडेतिकडे पाहिलं.

"मी लहानपणी बुटका होतो," ते शेवटी म्हणाले. "फार मोठं पान लागणार नाही."

तात्पर्य काय, तर ज्या पोराला गोष्टीत आपला चेहरा भेटतो, त्याला राक्षसाच्या चेहऱ्यात स्वतःला शोधावं लागत नाही.