पंधरा मिनिटं पुढचा कारखाना

“पायगुण म्हणतात तो हाच! हिनं माप ओलांडलं नि त्याच दिवसापासून ऑफिसातले कॉम्प्युटर आडवे झाले. सोमवारच्या गाडीनं महिनाभर माहेरी धाड हिला. बघ मशीनला कसा गुण येतो!”

आत्याबाई आपल्या भावाला, बळवंतशेठना, सांगत होत्या. हळू आवाजात, असं त्यांना वाटत होतं. दाराआड चहाचा ट्रे घेऊन उभ्या असलेल्या हेमांगीला शब्दन्‌शब्द ऐकू आला. लग्नाला अजून तीन आठवडेही झाले नव्हते. ती तिथेच थांबली, कारण आता शेठजी बोलणार होते.

“शनिवार संध्याकाळपर्यंत बघू, अक्का. चालू झालं तर ठीक. नाहीतर सोमवारची गाडी.”

बळवंतशेठ दुसान्यांचा चिवडा तालुक्यात नावाजलेला, आणि हट्ट जिल्ह्यात! त्यांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ.

कारखान्याच्या ऑफिसात सहा कॉम्प्युटर होते आणि आतल्या खोलीत त्यांचा थोरला, सर्व्हर. सकाळी येऊन पासवर्ड टाकायचा, थोरल्यानं ओळख पटवायची, मग काम सुरू, अशी रीत. पण लग्नाच्या दिवसापासून थोरला कुणाला ओळखच देईना! पासवर्ड बरोबर, तरी दार बंद. गोदामात चिवडा, फाटकात ट्रक, आणि मालाचं चलन छापायला मशीन राजी नाही.

नाशिकहून मेकॅनिक तीनदा येऊन गेला. त्यानं केबल बदलली, मशीन पुसून सगळं नव्यानं भरलं. तो असेपर्यंत सगळं लोण्यासारखं, आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच! मॅनेजर वाघचौऱ्यांनी सर्व्हर पंचवीसदा बंद-चालू केला. आत्याबाईंनी मीठ-मोहऱ्यांनी त्याची दृष्ट काढली. त्यातल्या काही मोहऱ्या कीबोर्डात गेल्या आणि एका मशीनचं एंटरही दबेनासं झालं.

हेमांगीनं कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला होता. पण नव्या सुनेला विचारतो कोण! शनिवारी सकाळी ती नवऱ्याचा डबा घेऊन ऑफिसात गेली आणि कोपऱ्यातल्या बाकावर बसून नुसती बघत राहिली.

नऊ वाजता वाघचौरे स्टूल घेऊन आले. भिंतीवरची घड्याळं त्यांनी एकेक तपासली. एक जरा मागे पडलं होतं, त्याचा काटा पुढे सरकवला. मग खाली उतरून सहाही कॉम्प्युटरमधली वेळ तपासली.

“वाघचौरेकाका, ही घड्याळं पुढे दिसताहेत.”

“पंधरा मिनिटं, वहिनीसाहेब! शेठजींचा नेम. म्हणजे कामगार वेळेवर येतात.”

“पहिल्यापासून पंधरा?”

“छे! आधी पाच होती. तुमच्या लग्नाचा मुहूर्त चुकू नये म्हणून शेठजींनी पंधरा केली. वऱ्हाड वेळेत पोचलं! शेठजी खूश. म्हणाले, आता हेच कायम. तो मेकॅनिक वेळ बदलून जातो, मी सकाळी पुन्हा नीट करतो.”

हेमांगीनं ओठ दाबून हसू आवरलं आणि थेट शेठजींच्या केबिनचं दार वाजवलं. आत आत्याबाईही होत्या.

“मामंजी, सर्व्हर खऱ्या वेळेवर चालतो. पाच मिनिटांपर्यंतचा फरक तो पोटात घालतो. त्याहून जास्त झाला की समोरचा तोतया समजून दार लावतो. कॉम्प्युटरची घड्याळं मागे घेतली की...”

“मागे?” शेठजींनी टेबलावर मूठ आपटली. “माझ्या आवारात घड्याळ मिनिटभरही मागे जाणार नाही! घड्याळं पुढे ठेवली म्हणूनच इतकी वर्षं बाजारात पहिला ट्रक माझा लागला. त्या सर्व्हरलाच पुढे घे!”

“मग पैशांच्या व्यवहारात बँकेचा कॉम्प्युटर आपल्या सर्व्हरलाच तोतया समजेल.”

“ते मला माहीत नाही! सर्व्हर हलवायचा नाही तर नको हलवूस. पण कॉम्प्युटरवर मला पंधरा मिनिटं पुढचीच वेळ दिसली पाहिजे, आणि मशीनही चाललं पाहिजे. आज संध्याकाळपर्यंत!”

“म्हणजे सोमवारची गाडी,” आत्याबाई पुटपुटल्या. या वेळी हळू बोलण्याचे कष्ट त्यांनी घेतले नाहीत.

हेमांगीनं पदर खोचला, खुर्ची ओढली आणि पहिल्या मशीनसमोर बसली. मिनिटभर टिकटिक, मग दुसरं, मग तिसरं. सहावं झाल्यावर ती उठली.

“काका, टाका पासवर्ड.”

वाघचौऱ्यांनी देवाचं नाव घेऊन पासवर्ड टाकला. दार उघडलं! पुढच्या मशीनवर टाकला. उघडलं! सहाच्या सहा चालू झाली आणि छपाईयंत्र खडखडत चलनं ओकू लागलं.

“घड्याळ मागे घेतलं असणार हिनं!” आत्याबाई पडद्याकडे धावल्या. शेठजी मनगटावरचं घड्याळ शेजारी धरून वाकले. भिंतीवर दहा वाजून चाळीस, मनगटावर दहा वाजून चाळीस, पडद्याच्या कोपऱ्यातही दहा वाजून चाळीस! सेकंदाचाही फरक नाही.

“सूनबाई, ही काय जादू?”

“जादू नाही, मामंजी. कॉम्प्युटरच्या पोटात सगळ्या जगाची एकच वेळ असते. बाहेर दाखवताना तो ज्या गावाचा असेल तिथली दाखवतो. पोटातली वेळ मी खरी केली, म्हणून सर्व्हर खूश. आणि गाव बदललं. नेपाळची वेळ आपल्यापेक्षा बरोब्बर पंधरा मिनिटं पुढे असते. तुमचे सहाही कॉम्प्युटर आता काठमांडूला बसलेत!”

शेठजी असे खदाखदा हसले की गोदामातले हमाल दारात गोळा झाले. “ऐकलंस, अक्का? ही माहेरी गेली नाही, पण माझं ऑफिस नेपाळला धाडलं हिनं!”

आत्याबाईंनाही हसू फुटलं, ते त्यांनी पदराआड दडवलं. शेठजींनी कंबरेचा जुडगा सोडून सर्व्हरच्या खोलीची किल्ली काढली आणि हेमांगीच्या हातावर ठेवली.

“आजपासून हे खातं तुझं! केबिन तुझी, पगार वाघचौऱ्यांच्या बरोबरीनं. सोमवारी सकाळी दहाच्या ठोक्याला हजर व्हायचं!”

हेमांगीनं किल्ली कनवटीला लावली, सगळ्यांकडे एकदा बघितलं आणि सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं,

“दहा म्हणजे मामंजी, इथले की काठमांडूचे?”