अकीक मण्यांची मेखला

फार पूर्वी गोदावरीकाठच्या पोतन नगरावर सुषेण राजा राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्व तिथल्या एका मणिकाराच्या घरी जन्माला आले आणि पुढे मणिकारांच्या गल्लीचे ज्येष्ठ झाले. त्यांच्या पत्नीचे नाव पद्मला.

त्या गल्लीचे काम असे. पूर ओसरला की नदीच्या वाळूतून अकिकाचे मळकट पिवळे खडे वेचायचे. उन्हाळाभर ते खडकावर तापू द्यायचे. मग मडक्यांत भरून, खड्ड्यात गोवऱ्या रचून भाजायचे. त्या आचेने खड्याला डाळिंबाच्या दाण्याचा रंग चढे. मग सामत्याने, म्हणजे दोरीने फिरवायच्या गिरमिटाने, भोक पाडले की त्याचा मणी होई.

एका माघात राजाचा निरोप आला. राजकन्येच्या लग्नासाठी फाल्गुनी पौर्णिमेला अकीक मण्यांची मेखला हवी. ती वेळेवर आली तर नदीची वाळू कायमची तुमची. नाही आली तर वाळू वेचण्याचा हक्क दुसऱ्यांना जाईल.

उन्हाळ्याची वाट पाहायला सवड नव्हती. या वर्षी खडे न तापवताच भाजावेत असे सगळ्यांनी ठरवले. बोधिसत्त्वांनाही दुसरा उपाय दिसेना, तेव्हा त्यांनीही होकार दिला.

भट्टी लावायला गेले तर खड्ड्यातल्या जुन्या राखेत एक कुत्री व्यालेली. पिल्लांचे डोळेसुद्धा उघडले नव्हते. पद्मलेने पिल्ले टोपलीत घालून घरी आणली. कुत्रीने एकेक पिल्लू मानेला धरून परत राखेत नेले. पद्मलेने पुन्हा आणली, कुत्रीने पुन्हा नेली.

वज्रट नावाचा मणिकार म्हणाला, "आता काय, कुत्रीला विचारून भट्टी लावायची?"

सगळे हसले. बोधिसत्त्व म्हणाले, "बाळंतीण आहे रे. पिल्लं चालायला लागेपर्यंत थांबू."

"तोवर राजा आपल्याला चालायला लावील, तेही गाठोडी डोक्यावर घेऊन."

"मग तुम्ही दुसरा खड्डा खणा. मी अडवत नाही. माझ्या घरचे खडे मात्र थांबतील."

"थांबू देत. पण तुमच्या वाट्यापायी मेखला अडली, तर ज्येष्ठपण सोडायचं आणि घरही या गल्लीतून उठवायचं."

बोधिसत्त्व म्हणाले, "कबूल."

घरी आल्यावर पद्मलेला राहवले नाही. "अहो, एका कुत्रीपायी आपलं घर उठवायला निघालात?"

"तिचंही घरच आहे ना गं ते?"

पद्मलेचा राग गेला नव्हता. तरी संध्याकाळी पेजेचे मडके घेऊन ती खड्ड्याकडे गेली.

हाताला दुसरे काम नव्हते. म्हणून दोघे रोज आपले खडे नदीच्या काळ्या खडकावर पसरत आणि दिवसभर उलटसुलट करीत. वारा कोरडा होता. ऊन दिवसेंदिवस कडक होत चालले होते. घराचा विचार आला की पद्मलेचा हात थांबे. मग ती पुन्हा खडे उलटू लागे.

इकडे नव्या खड्ड्यात गोवऱ्या पेटल्या. थोड्या वेळाने आतून तडतड ऐकू आली. "गोवऱ्या ओल्या दिसतात," कोणीतरी म्हणाले. पण आवाज थांबेना. राख निवल्यावर मडकी उघडली, तर आत चुरा. खड्यांच्या पोटातले नदीचे पाणी अजून सुकले नव्हते. आच लागताच त्या पाण्याने खडे आतून फोडले होते.

वज्रट राखेशेजारी मटकन बसला. त्या दिवशी गल्लीत कोणाच्या घरी चूल पेटली नाही.

थोड्याच दिवसांत पिल्ले डोळे उघडून, धडपडत राखेबाहेर पडली आणि आईमागून पद्मलेच्या ओसरीवर गेली. बोधिसत्त्वांनी जुनी भट्टी लावली. त्या खड्ड्यातून तडतड आली नाही. राख निवेपर्यंत त्यांनी मडक्यांना हात लावला नाही. मग पहिले मडके पद्मलेने उघडले. आतला प्रत्येक खडा अखंड होता, पिकल्या डाळिंबासारखा लाल.

बोधिसत्त्व म्हणाले, "एवढे मेखलेला पुरतील. हे घरोघर वाटून दे. एकट्या घराकडून भोकं पाडून व्हायची नाहीत."

"वज्रटालाही?"

"त्याचा हात सगळ्यांत हलका आहे. मधला मोठा मणी त्यालाच दे."

पद्मला खड्यांचे सूप घेऊन वज्रटाच्या दारात गेली. तो खाली बघत म्हणाला, "वहिनी, मी तुमचं घर उठवायला निघालो होतो."

"ते मग बघू. आधी सामता काढा," पद्मला म्हणाली.

मग सगळ्या गल्लीत सामते फिरू लागले. पौर्णिमेच्या सकाळी राजाने मेखला उन्हात धरली. एकाही मण्यात केसाएवढी चीर नव्हती. "ही कोणी केली?" त्याने विचारले. "आमच्या गल्लीनं, महाराज," बोधिसत्त्व म्हणाले.

राजाने नदीची वाळू कायमची मणिकारांना दिली. राजकन्येच्या मंडपाकडे मिरवणूक निघाली. शंख वाजले, ढोल वाजले. मेखलेचे तबक वज्रटाने पद्मलेच्या हातांवर ठेवले आणि तो तिच्या मागे चालू लागला. सगळे नगर रस्त्यावर लोटले होते. पद्मला ताठ मानेने सगळ्यांच्या पुढे चालत होती.

ही कथा सांगून शास्ता भिक्खूंना म्हणाले, "त्या वेळचा वज्रट म्हणजे आज साधनेच्या फळासाठी उतावीळ झालेला तुमच्यातलाच हा भिक्खू. सुषेण राजा म्हणजे भिक्खू आनंद, पद्मला म्हणजे राहुलमाता, ती गल्ली म्हणजे हा संघ, आणि गल्लीचा ज्येष्ठ म्हणजे मीच."

दुबळ्या जिवासाठी आपले काम थांबवणारी ही करुणा. तिलाच क्षांतीची, म्हणजे धीराची, जोड असते.