नदीच्या तळाचा कोरडा दगड

एका राज्यात सूर्य उगवताना बारा नगारे वाजत, आणि ते का वाजतात हे कुणी विचारायचं नाही, असा नियम होता. राजकन्या तिरसाने सहाव्या वर्षी विचारलं, तेव्हा तिला दिवसभर उपाशी ठेवलं. विसाव्या वर्षी विचारलं, तेव्हा वडीलमंडळींचे प्रमुख शम्मुवा म्हणाले, "पोरी, चार पोथ्या वाचल्या म्हणून थोरांना जाब विचारायचा नसतो."

त्या राज्यातले लोक इस्राएलच्या गाद वंशातल्या लढवय्यांचे वंशज. नदीच्या अलीकडे त्यांची कुरणं, पलीकडे त्यांच्या भाऊबंदांची गावं.

त्या वर्षी राजा एल्दाद पायांपासून दगड होऊ लागला. रोज वीतभर. गुडघे गेले, कंबर गेली. वडीलमंडळींनी मांत्रिक बोलावला.

मांत्रिक म्हणाला, "राजकन्येने तीन कामं करावीत. पहिलं, नदीच्या तळाचा कोरडा दगड आणावा."

तिरसाने बुडी मारली. तळाशी एका दगडावर धूळ बसली होती. तो तिने वर आणला. त्यावर ओळी कोरल्या होत्या, पण ती लिपी कुणालाच येईना.

"दुसरं, या दगडाचा साक्षीदार आणावा."

डोंगराच्या कपारीत तीनशे वर्षांचा पारवा राहत होता. तिरसाने हाक मारली. तो म्हणाला, "नुसती हाक? तुमचे थोर तर मला पाहिलं की गोफण काढतात." आणि तिच्या मनगटावर बसला.

ती परतली तेव्हा उजाडायला आलं होतं. दगड राजाच्या गळ्यापर्यंत चढला होता. त्याचा आवाज गेला होता, फक्त डोळे हलत होते.

"तिसरं," मांत्रिक म्हणाला, "साक्षीदारासमोर हा दगड फोडावा. राजा मोकळा होईल."

तिरसाने घण उचलला. मग पारव्याला म्हणाली, "आधी वाच."

"विचारू नकोस!" शम्मुवा ओरडले.

पारव्याने वाचलं, "आम्ही गाद वंशातले लढवय्ये. बायकामुलं आणि कळप मागे ठेवून भावांच्या पुढे हत्यारबंद चाललो. त्यांना जमीन मिळेपर्यंत घरी परतलो नाही, कारण तसा शब्द दिला होता. त्यांचं शिंग पुन्हा वाजलं, तर पुन्हा येऊ. परमेश्वर साक्षी."

"मग शिंग पुन्हा वाजलंच नाही?"

"चाळीस वर्षं वाजतंय," पारवा म्हणाला. "रोज. सूर्य उगवताना."

तिरसाने घण जमिनीवर टेकवला. लहानपणी त्या नगाऱ्यांवर ती नाचली होती.

"आजोबा, लोक मरताना हाका मारत होते आणि तुम्ही वर नगारे बडवलेत?"

शम्मुवांनी मान खाली घातली. "पलीकडे याच्यासारखे शंभर मांत्रिक उतरले होते. आम्ही तरुण होतो. भ्यालो."

मांत्रिक हसला. "आता एकच गाव उरलंय त्यांचं. साक्षीदारासमोर दगड फुटला की तुमचा शब्दही मोडला. दगड फोड, राजकन्ये, आणि बाप घेऊन जा."

"फोड ग," शम्मुवांनी हात जोडले. "दगड हनुवटीला लागला. बाप जातोय तुझा!"

तिरसाने बापाकडे पाहिलं. त्याचे डोळे भरले होते.

"नाही," ती म्हणाली. "परमेश्वराला साक्षी ठेवून दिलेला शब्द आहे तो. बाबा गेले तरी मी फोडणार नाही."

सूर्याची कोर वर आली, तशा नगारे वाजवणाऱ्यांनी टिपऱ्या उचलल्या. तिरसाने घण फिरवला आणि पहिल्या नगाऱ्याचं कातडं फाडलं. बाकीचे अकरा आपोआप फाटले. मग नदीपलीकडून शिंग ऐकू आलं. बारीक, थकलेलं. मांत्रिकाचा चुना झाला आणि फरशीवर सांडला. राजाच्या अंगावरून दगडाचे टवके पडले. त्याने आधी पाणी मागितलं, मग तलवार.

लोक रस्त्यात उभे राहून ऐकत होते. कुणी रडत होतं, कुणी भाले घासत होतं. दोन घटकांत सैन्य काठावर आलं. नदीने गुडघाभर वाट दिली.

तिरसाने सगळ्यात पुढे घोडा घातला. शम्मुवांनी लगाम धरला.

"तू मागे थांब, पोरी. मुलींनी मागे थांबायचं, ही आपली रीत आहे. ती का, ते विचारू नये."

"मी विचारत नाहीये, आजोबा," तिरसा म्हणाली. "मी थांबणार नाहीये. लगाम सोडा."

शम्मुवांनी बाकीच्या म्हाताऱ्यांकडे पाहिलं. मग त्यांनी लगाम सोडला.