चौथा सिलेंडर

गाडी बिघडली की दोष ड्रायव्हरचा आणि धावली की पुण्याई चेअरमनची, असा विश्वासरावांच्या दूध संस्थेचा रिवाज. त्यामुळे जुनी पिकअप आचके देत दस्तगीर मिस्त्रीच्या गॅरेजात शिरली, तेव्हा चेअरमन विश्वासराव तावातावाने उतरले.

"या सोपानला आजच काढतो! फुकटचा पगार खातोय!"

सोपान ड्रायव्हर मान खाली घालून उभा राहिला. दस्तगीरने चालू इंजिनातच एकेका सिलेंडरचा डिझेलपाईप ढिला केला. पहिल्या तिघांना हात लावताच इंजिन आणखी गचके खाऊ लागलं. चौथ्याचं मात्र त्याला सोयरसुतकही नव्हतं.

"हा बघा कामचुकार," दस्तगीर म्हणाला. "ज्याला बंद केल्यानं काहीच फरक पडत नाही, तो मुळात कामच करत नसतो."

"वा! हीच परीक्षा संस्थेत घेतो!"

"सोपान दोन दिवस आजारी होता, तेव्हा?" दस्तगीरने विचारलं.

"दूध नासलं की!"

"आणि साहेब, तुम्ही महिनाभर लेकाकडे दुबईला होतात, तेव्हा?"

"एक थेंब सांडला नाही!" विश्वासरावांनी मिशीला पीळ दिला.

दस्तगीरने शांतपणे हात पुसले. "मग साहेब, संस्थेतलाही चौथा सिलेंडर सापडला म्हणायचा."

सोपानला काढायचा विषय पुन्हा निघाला नाही.