चार बोटं कोरी भिंत

उंबरजाईच्या देवळाच्या पांढऱ्या भिंतीवर बाहेरून गेरूची एक रेघ फिरलेली आहे. दारापासून निघते, चढत-उतरत सगळं देऊळ वेढते आणि दाराशी परत येता येता चार बोटं अलीकडेच थांबते. नवख्या माणसाला ते बघवत नाही, हात शिवशिवतात. दगडूआप्पा गुरव हसतात आणि म्हणतात, आधी ऐका, मग हात लावा.

फार मागे या गावात हौसा नावाची बाई होती. लग्नघरांच्या भिंती तीच रंगवायची, पण सासरा सखोबा सनई घेऊन बसल्याशिवाय तिची कुंचली चालत नसे म्हणे. सूर चढला की रेघ चढायची, उतरला की उतरायची. एका चैत्रात तिची मथी तापानं फणफणली. नऊ दिवस पोरीच्या तोंडून शब्द नाही. हौसाचा जीव थाऱ्यावर राहिना. ती नवस बोलली, की सनईच्या सुरावर, मधे न थांबता, देवीला एका रेघेचं कडं घालीन. माझी पोर बोलती कर.

पोरीला पायरीवर घोंगडीत निजवलं आणि सकाळीच सुरुवात झाली. सखोबा म्हातारा, त्यात दमेकरी. मागची भिंत संपेपर्यंत त्याला धाप लागली. तिथून हौसाला पोर दिसेना, थांबताही येईना, नुसती तगमग. दार चार बोटांवर आलं आणि म्हाताऱ्याला ढास लागली. सनई बंद पडली.

लोक म्हणाले, ओढ की, एवढ्याशानं काय होतंय. हौसा रडकुंडीला आली.

"सूरच न्हाई, तर वर जाऊ का खाली?"

तेवढ्यात पायरीवरून बारीक आवाज आला. आजानं सोडलेला सूर मथी गुणगुणत होती. रेघ पुरी करायची ती हीच वेळ. पण हौसानं कुंचली टाकली आणि पोरीकडे धाव घेतली.

नवस अपुरा राहिला ही रुखरुख तिला जन्मभर पुरली, असं सांगतात. पुढे मथीच दरसाल ती रेघ उजळायला लागली. तेवढी जागा भरून टाक, असं गावानं तिच्यामागे टुमणं लावलं, तेव्हा ती म्हणाली, "तिथनंच आई माझ्याकडं धावली. ती जागा बुजवू व्हय?"

आजही चैत्रात सनईवर रेघ उजळतात. चार बोटं उरली की सनई थांबते आणि जमलेली माणसं राहिलेला सूर आपापल्या मनानं गुणगुणतात. कुणाचा वर जातो, कुणाचा खाली. लेकुरवाळ्या बायांचं लक्ष मात्र तेवढा वेळ भिंतीकडे नसतं.