मोगऱ्यातला आवाज

एका राज्यात, जिथे साळुंक्या दरबारात साक्ष देत आणि विहिरी विचारल्याखेरीज पाणी सोडत नसत, तिथे यशोधर नावाचा राजा होता. त्याची राणी शालिवती. दागदागिन्यांत तिचे मन कधी रमले नाही. जीव सगळा बागेत. मृगाआधी ती खड्डे उन्हात तापवी, श्रावणात जास्वंदीच्या फांद्या लावी, आश्विनात शेवंतीला काठीचा आधार देई. मातीने भरलेल्या हातांनीच ती राजकन्या अलकावतीचे गाल कुरवाळी, आणि ते गाल पुसता पुसता दासींच्या नाकी नऊ येत. काय दिवस होते ते!

मग एका वर्षी राणी तापाने गेली.

राजा वेडापिसा झाला. तिच्या बागेतले पिवळे पान गळताना दिसले तरी त्याच्या डोळ्यांना धार लागे. त्याने धूम्रांग जादूगाराला बोलावले.

"या बागेतलं एकही पान यापुढे गळू नये," राजा म्हणाला.

"जशी आज्ञा," धूम्रांग म्हणाला, आणि मिशीत हसला. हसलास का, असे राजाने विचारायला हवे होते. विचारले नाही.

त्या दिवसापासून पान गळेना, पण कळीही धरेना. आणि राणीच्या लाडक्या मोगऱ्यातून राणीचाच आवाज येऊ लागला, "पाणी घाला. तहान लागली." राजा झारी घेऊन मोगऱ्यापाशी बसला तो बसलाच. दोन वर्षे गेली. सिंहासन ओस पडले, धूम्रांग परस्पर हुकूम सोडू लागला. राजाच्या तळपायांना मुळे फुटून मातीत उतरली आणि पिंढऱ्यांवर साल चढली. ही साल काळजापर्यंत पोहोचली की राजाचे झाड होणार आणि सिंहासन धूम्रांगाचे, हे सगळ्यांना ठाऊक होते. राजाला सांगायची छाती मात्र कुणाला होत नव्हती.

अलकावती रोज विहिरीवरून झारी भरून आणी. खोटे कशाला सांगू, तो आवाज तिलाही हवाच होता.

एके सकाळी कुंपणावर भारद्वाज पक्षी येऊन बसला. "राजकन्ये, मोगरा फुलेल त्या दिवशी शाप तुटेल. तीन ऋतूंत तीन कामं आहेत. पावसाळ्यात त्याचं ऊन मोकळं कर. पाऊस सरला की त्याला तहानलेला ठेव. थंडीत त्याला छाट."

"आणि मला नाही जमलं तर?"

"तर बागेत एक झाड वाढेल," पक्षी म्हणाला आणि उडून गेला.

मोगऱ्याचे ऊन अडवले होते कदंबाने. त्याच कदंबाला अलकावतीचा झोका असे, आणि आई मागून झोका देत असे. जादूने पान गळायची मनाई होती, कुऱ्हाडीची नव्हती. अलकावतीने माळ्यांना हात लावू दिला नाही. नऊ दिवस भर पावसात तिने स्वतः घाव घातले. दहाव्या दिवशी कदंब आडवा झाला, ढग फाकले आणि मोगऱ्यावर थेट ऊन पडले.

हस्ताचा पाऊस सरला, कार्तिक लागला. अलकावतीने झारी भरणे बंद केले.

"अलके, घोटभर पाणी दे गं," मोगरा म्हणाला.

"बाळ, तुझी आई तहानलेली आहे!" राजा ओरडला. साल आता त्याच्या कमरेपर्यंत आली होती. "भर ती झारी!"

दोन दिवस तिने कान झाकले. तिसऱ्या दिवशी तिला राहवेना. ती विहिरीकडे धावली, झारी भरून आणली, मोगऱ्यावर कलती केली, आणि तिचा हात थबकला.

ती सात वर्षांची असतानाही असाच कार्तिक होता. मोगरा सुकलेला पाहून तिने चोरून पाणी घातले होते, आणि आईने झारी हिसकावून घेतली होती. "आता लाड केलेस तर नुसती पानंच वाढतील. त्याला ताण बसू दे. मग बघ कशी कळी धरतो ते." वर दोन दिवस बागेत पाऊल टाकायची बंदी! त्या वेळी किती राग आला होता आईचा.

जी बाई कार्तिकात मोगऱ्याला थेंब देत नसे, ती कार्तिकात पाणी मागेल?

अलकावतीने झारी फरशीवर उपडी केली. राजा तिला नको नको ते बोलला. तिने ते ऐकून घेतले.

पौषात तिने मोगऱ्याची पाने ओरबाडली आणि फांद्या छाटायला घेतल्या. "अलके, दुखतंय गं," आवाज कळवळला. हा आवाज आईचा नव्हे, हे तिला आता पक्के माहीत होते. पण होता अगदी आईसारखा. पुन्हा तो कधीच ऐकू येणार नव्हता. ती रडत रडत छाटत राहिली. शेवटची फांदी तुटली तेव्हा आवाज बंद झाला.

मग तिने आळे केले, खत घातले आणि पोटभर पाणी दिले. साल राजाच्या छातीवर चढत होती. फाल्गुनात कोंब फुटले. चैत्रातल्या एका संध्याकाळी, काळीज चार बोटांवर उरले असताना, पहिली कळी उमलली.

वास दरवळला तशी तीन वर्षे अडकून राहिलेली पाने एकदम गळाली. बागेत गुडघाभर थर साचला. राजाच्या अंगावरची साल त्यातच पडली आणि पायांची मुळे सुटली. तिकडे दरबारात धूम्रांग हुकूम सोडत होता, त्याचे केस, दात आणि मिशा एका दमात गळाल्या. लोक असे हसले की तो वेस ओलांडूनच थांबला.

राजा धडपडत उठला. "अलके, तिचा आवाज कुठे गेला?"

"तो आईचा नव्हता, बाबा."

राजाने ती उमललेली कळी ओंजळीत धरली. "म्हणजे ती गेली?"

"हो. तीन वर्षं झाली."

तेव्हा राजा पानांत मटकन बसला आणि हंबरडा फोडून रडला. अलकावती त्याच्या कुशीत शिरली. आई गेल्यापासून ती एकटीच रडत आली होती.

दुसऱ्या दिवशी राजा सिंहासनावर बसला, राज्याची घडी बसली. त्या बापलेकीला जसे रडायला एकमेकांचे खांदे मिळाले, तसे ऐकणाऱ्यालाही मिळोत.